चेंगराचेंगरीचा पहिला मथळा: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळांचे संपादक व वृत्तसंपादक

सप्रेम नमस्कार.

पुढची चेंगराचेंगरी कुठे होईल हे कोणालाच सांगता येणार नाही. तिची पहिली बातमी कशी असेल, हे मात्र आजच सांगता येते. ‘बेकाबू गर्दी’, ‘अफवेने घात’, ‘तिकीट नसलेल्यांची घुसखोरी’, मग वारसांना जाहीर झालेली मदत आणि खाली ‘चौकशीचे आदेश’. मैदानांचे प्रवेश आराखडे, दारांची मोजणी आणि आणीबाणीत मैदान रिकामे व्हायला लागणारी मिनिटे हे आमचे रोजचे काम आहे. त्यामुळे अशी बातमी वाचली की आमचा पहिला प्रश्न असतो: हे सगळे ठीक, पण दारे किती होती?

जबाबदारीचा वाद पहिल्या दोन-चार दिवसांत ज्या वळणाला लागतो, तिथून तो परत फिरवायला एक पिढी खर्ची पडते. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानाच्या बाबतीत नेमके तेच झाले. इतकी खोलवर तपासली गेलेली फुटबॉल मैदानावरची दुर्घटना दुसरी नाही, म्हणून तिचाच दाखला थोडा सविस्तर देतो.

१५ एप्रिल १९८९. एफए कपचा उपान्त्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सुरुवात दुपारी ३ वाजता. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांना लेपिंग्ज लेनच्या बाजूने आत घ्यायचे ठरले होते. त्या बाजूला २४,२५६ तिकिटे आणि २३ टर्नस्टाइल, म्हणजे एका वेळी एकच माणूस आत सोडणारी फिरती दारे. प्रतिस्पर्धी संघाच्या २९,८०० लोकांसाठी ६०. लेपिंग्ज लेनच्या २३ पैकी उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० जणांच्या वाट्याला आली फक्त ७, म्हणजे एका टर्नस्टाइलमागे १,४४३ माणसे.

एका टर्नस्टाइलमधून तासाला ६६० पेक्षा जास्त माणसे जातील असे आज कोणी धरत नाही. त्या हिशेबाने सात टर्नस्टाइलमधून १०,१०० माणसे आत जायला दोन तास अकरा मिनिटे लागतात. तेही पहिल्या मिनिटापासून एकही टर्नस्टाइल रिकामे राहिले नाही, कोणाचे तिकीट अडकले नाही, कोणाची झडती घेतली नाही तर. प्रत्यक्षात अडीच वाजेपर्यंत या सात टर्नस्टाइलमधून ४,३८३ जण आत गेले होते. सुमारे ५,७०० बाहेर होते आणि हातात अर्धा तास होता. अर्ध्या तासात सातांतून फार तर २,३१० जाणार. उरलेल्यांचा शेवटचा माणूस आत पोचायला पावणेचार वाजले असते. हा हिशेब तिकिटे छापली त्या दिवशीही मांडता आला असता. त्याला ना गर्दीचा स्वभाव माहीत असावा लागतो, ना लिव्हरपूलच्या पोरांचे संस्कार.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: ‘पण लोक उशिरा आले ना!’ आले. फुटबॉलला लोक उशिराच येतात, जगभर येतात, आणि ते धरूनच आराखडा करायचा असतो. शिवाय अशा वेळी करायचे काय, हे त्या मैदानाला ठाऊक होते. १९८७ साली तिथल्याच उपान्त्य सामन्याची सुरुवात पंधरा मिनिटे पुढे ढकलली होती. १९८९ ला तो निर्णय घेतला गेला नाही.

बाहेर लोक दाराशी चिरडू लागले तेव्हा २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर पडण्यासाठीचे मोठे दार, ‘गेट सी’, पोलिसांच्या हुकमाने उघडण्यात आले. पाचेक मिनिटांत सुमारे दोन हजार माणसे आत आली. दार उघडणे एका अर्थी अपरिहार्य होते. बाहेरच माणसे मेली असती. खरी चूक त्याच्या पुढच्या पायरीची. दारातून आत शिरलेल्या माणसाला समोर थेट एक बोगदा दिसत होता आणि तो उभ्याने पाहण्याच्या जागेतल्या, जाळ्यांनी वेगळ्या केलेल्या मधल्या दोन कप्प्यांत, ३ आणि ४ मध्ये, उतरत होता. उतार सहास एक. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेत सांगितलेला दहास एक. हे दोन कप्पे आधीच गच्च भरलेले. बाजूच्या कप्प्यांत पाय पसरून उभे राहता येईल एवढी जागा. बोगद्याच्या तोंडाशी चार पोलीस उभे करून लोकांना डावी-उजवीकडे वळवायचे, एवढेच करायचे होते. आदल्या वर्षी ते केले गेले होते.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण जबाबदारी कागदावरच सापडते. मैदानाचे सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चे. १९८१ साली टॉटनहॅम आणि वुल्व्हज यांच्या उपान्त्य सामन्यात याच बाजूला चेंगरून ३८ जण जखमी झाले. त्यानंतर उभ्या जाळ्या टाकून या बाजूचे वेगवेगळे कप्पे केले. आराखडा बदलला, कठडे काढले-घातले, पण प्रमाणपत्रावरचा आकडा तोच राहिला. मधल्या दोन कप्प्यांची क्षमता २,२०० मानली जात होती. दुर्घटनेनंतर मोजमाप झाले तेव्हा ती १,७०० च्या आत भरली. त्या दिवशी तिथे तीन हजारांहून अधिक माणसे होती. कप्पा ३ मधला एक आडवा लोखंडी कठडा शेवटी मोडला आणि माणसे माणसांवर पडली.

आणखी एक तपशील, जो आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचा आहे आणि ज्याची बातमी सहसा होत नाही. सातही टर्नस्टाइलमधून एकूण किती जण आले ते मोजले जात होते. कोणत्या कप्प्यात किती आहेत हे मोजण्याची सोयच नव्हती. लोक आपापली जागा शोधून घेतील, असे गृहीत होते. परिणामी एकूण आकडा मर्यादेत असताना एक कप्पा भरून वाहू शकत होता, आणि वाहिला. तांत्रिक तपासणीत त्या बाजूला आलेली एकूण माणसे १०,१०० च्या आसपासच भरली. तिकीट नसलेल्यांच्या फौजेची कहाणी तिथेच संपते.

मृत्यू कसा येतो, हेही एकदा स्पष्ट व्हावे. ‘पायदळी तुडवले गेले’ हे वाक्य तुमच्या साच्यात तयार असते. दाट गर्दीत बहुतेक माणसे उभ्या उभ्या मरतात. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते. चारी बाजूंनी दाब आला की ती फुगत नाही, अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत सगळे संपते. उभ्याने पाहण्याच्या जागेत दर दहा चौरस मीटरला ४७ माणसे ही आजची वरची मर्यादा. चौरस मीटरला पाचाच्या पुढे गेले की अंग वळवता येत नाही. सहा-सातला माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत, धक्का लाटेसारखा गर्दीतून फिरतो. मागच्याला पुढचे दिसत नाही, ऐकू येत नाही. तो ढकलतो आहे हे त्यालाच माहीत नसते. अशा जागी ‘संयम पाळायला हवा होता’ हा उपदेश निव्वळ निरर्थक आहे.

यावर मुंबईकर हमखास विचारतो की लोकलमध्ये चौरस मीटरला चौदा-सोळा माणसे असतात असे रेल्वेच म्हणते, मग तिथे रोज माणसे का मरत नाहीत? डबा चारी बाजूंनी बंद असतो, तळ सपाट असतो आणि डब्यात मागून आणखी दोन हजार माणसे उतारावरून येत नसतात. दाब वाढत जात नाही, हा सगळा फरक. (लोकलमध्ये माणसे मरतात ती दारातून पडून. त्याचे गणित वेगळे, त्यावरही कधीतरी लिहा.)

आता बातम्यांचे काय झाले ते पाहा. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला. पोलिसांच्या बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांना सांगितले की प्रेक्षकांनी दार जबरदस्तीने उघडले. दार उघडण्याचा हुकूम त्यांचाच होता. असोसिएशनच्या अधिकाऱ्याने ते पत्रकारांना सांगितले आणि जगभर तेच गेले. चौथ्या दिवशी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने पहिल्या पानावर ‘सत्य’ अशा अर्थाचा एका शब्दाचा मथळा दिला. खाली मजकूर: पाठीराख्यांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. मजकूर शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आलेला, बोलणारे पोलीस आणि एक स्थानिक खासदार. पडताळणी शून्य. लिव्हरपूलमध्ये त्या वृत्तपत्रावरचा बहिष्कार अजून उठलेला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या न्या. टेलर यांच्या अंतरिम अहवालाने पोलीस नियंत्रणाचे अपयश हे मुख्य कारण असल्याचे स्वच्छ लिहिले होते. म्हणजे चार महिन्यांत उत्तर हाती होते. तरीही १९९१ च्या मृत्यू-चौकशीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला. त्या चौकशीत ३ वाजून १५ मिनिटांनंतरच्या घटनांचा विचारच केला नाही, आणि मृतांच्या, लहान मुलांच्यासुद्धा, रक्तातले मद्य मोजले होते. २०१२ साली स्वतंत्र पॅनेलने कागद उघडले तेव्हा कळले की पोलिसांचे १६४ जबाब बदलले होते आणि त्यांतल्या ११६ मधून पोलिसांविरुद्ध जाणारा मजकूर काढला होता. वेळेत मदत मिळती तर ४१ जण वाचण्याची शक्यता होती, हेही तेव्हाच बाहेर आले. मैदानाबाहेर रुग्णवाहिकांची रांग लागली होती, आतवर एक-दोनच पोचल्या. २०१६ साली नव्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी ‘बेकायदा मृत्यू’ असा निर्णय दिला आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता असे नि:संदिग्ध म्हटले. सत्तावीस वर्षे. मृतांचा आकडा आता ९७ आहे; शेवटचा मृत्यू २०२१ चा, त्याच दिवशीच्या इजेने.

आणि शिक्षा? डकनफील्ड २०१९ साली निर्दोष सुटले. क्लबचे तेव्हाचे सचिव ग्रॅहम मॅक्रेल यांना टर्नस्टाइलच्या अपुऱ्या संख्येबद्दल साडेसहा हजार पौंड दंड झाला. जबाब बदलल्याचा खटला २०२१ मध्ये कोसळला. कारण तांत्रिक: टेलर चौकशी ही कायद्याच्या व्याख्येतली न्यायिक प्रक्रिया नव्हती. न्यायालयात एका माणसावर गुन्हा सिद्ध न होणे आणि जबाबदारीच नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बातमीत त्या सर्रास एक होतात. हिल्सबरोला पोलीस, क्लब, प्रमाणपत्र देणारी नगर परिषद, आराखडा करणारे अभियंते आणि अशा मैदानाला मोठा सामना देणारी असोसिएशन, असे पाच हात लागले होते. आमच्या मते सर्वांत जड हात बंदोबस्ताच्या प्रमुखाचा, कारण शेवटचा थांबवण्याजोगा क्षण त्याच्या ताब्यात होता. पण निव्वळ त्याला बळीचा बकरा करून बाकीचे चौघे सुटत असतील, तर तेही आम्हाला मान्य नाही.

इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ ला १३५ जण गेले. पराभवानंतर काही प्रेक्षक मैदानात उतरले, हे खरे. पण माणसे त्यामुळे मेली नाहीत. पोलिसांनी अश्रुधूर प्रेक्षकांच्या स्टँडवर सोडला, लोक एकाच वेळी उंच पायऱ्यांवरून दारांकडे आले आणि काही दारे बंद किंवा अर्धवट उघडी होती. मैदानावर असा वायू नेऊ वा वापरू नये, असा फिफाच्या सुरक्षा नियमांत स्पष्ट दंडक आहे. ३८,००० च्या मैदानाला ४२,००० तिकिटे विकली गेली होती, असे तिथल्या मंत्र्यांनी सांगितले. सामना दुपारी घ्या, ही पोलिसांची विनंती मानली गेली नव्हती. तो रात्री झाला. पहिल्या तासांतले मथळे मात्र ‘दंगल’ असे होते. १९६४ साली पेरूची राजधानी लिमा इथे ३२८ माणसे नेमक्या याच जोडीने मेली होती: अश्रुधूर आणि बंद दारे. त्यामुळे ‘कोणी कल्पना केली नव्हती’ हे वाक्य कोणत्याही अधिकाऱ्याच्या तोंडून आले, तर कृपा करून ते अवतरणचिन्हांत छापून पुढे सरकू नका.

घराजवळचे दोन दाखले. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण गेले. रेल्वेच्या चौकशीने मुसळधार पावसाकडे बोट दाखवले. ‘फूल पडले’चे कोणीतरी ‘पूल पडला’ असे ऐकले, ही कहाणी आपल्याकडे आठवडाभर रंगवून छापली. अफवा नसती तर तो पूल पुरेसा रुंद झाला असता का? सपाटीवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ आणि जिन्यावर ६६ माणसे सुरक्षित जातात, असे मैदानांसाठी धरतात. त्या पुलाने जोडलेल्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांच्या गाड्या एकाच वेळी आल्या तर त्या जिन्यावर मिनिटाला किती माणसे येत होती, याची पट्टी घेऊन मोजणी कोणी केली असती तर ती खरी बातमी ठरली असती.

दुसरा ४ जून २०२५ चा, बंगळुरूचा. क्रिकेटचा असला तरी जात तीच. चिन्नास्वामी मैदान सुमारे ३५,००० चे. दारांबाहेर ११ जण मेले. आदल्या रात्री रॉयल चॅलेंजर्स बंगळुरू संघाला आयपीएलचे विजेतेपद, दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमाध्यमांवर आमंत्रण, मोफत पासची घोषणा, रीतसर परवानगीचा प्रश्न अधांतरी. आधी पोलीस आयुक्त निलंबित झाले, मग केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने प्रथमदर्शनी संघाकडे बोट दाखवले आणि पोलिसांकडे जादूची कांडी नसते अशा आशयाचे ताशेरे ओढले. आमच्या मते दोघांचेही अर्धे खरे आहे. मोफत प्रवेश जाहीर करणाऱ्याने गर्दी निर्माण केली. तयारीला वेळ नसताना कार्यक्रम होऊ दिला त्यांनी ती स्वीकारली. बारा तासांत कोणत्याही शहराला असा बंदोबस्त उभा करता येत नाही, त्यामुळे त्या सकाळचे एकमेव योग्य उत्तर ‘नाही’ हे होते. ते कोणी द्यायचे होते आणि का दिले नाही, हा शोध बातमीदाराचा.

तेव्हा आमचे मागणे असे. घटनेच्या दिवशी कारण छापू नका, आकडे मिळवा. मैदानाची मंजूर क्षमता आणि विकलेली किंवा वाटलेली तिकिटे. त्या बाजूला किती दारे होती, त्यांतली किती उघडी होती, ती आत उघडणारी की बाहेर. मैदान रिकामे करायला आराखड्यात किती मिनिटे धरली होती; आठच्या वर असतील तर का. आत माणसे मोजणारी यंत्रणा होती का आणि ती विभागवार मोजत होती की नुसती बेरीज. ‘थांबवा’ म्हणण्याचा अधिकार त्या क्षणी नेमका कोणाकडे होता, त्या माणसाला गर्दी दिसत होती का, आणि दारावरच्या हवालदाराचा वॉकीटॉकी त्याच्यापर्यंत पोचत होता का. मृतांनी दारू प्यायली होती का, हे विचारायचे असेल तर बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनाही विचारा. नाहीतर दोघांनाही नको. ‘सूत्रांनी सांगितले’ असे लिहिताना ते सूत्र स्वतः चौकशीच्या कक्षेत आहे का, हे वाचकाला सांगा. गुन्हा ‘अज्ञातांविरुद्ध’ नोंदवला असेल, तर परवानगीवरच्या सह्या मागा. त्या अज्ञात नसतात.

आणि हे घटनेनंतरच का? आयपीएलचे सामने, नवी मुंबईतले आणि फातोर्ड्यातले फुटबॉल, २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ, ज्या शहरात २००३ च्या शाही स्नानाला ३९ जण गेले होते, हे सगळे आधी ठरलेले कार्यक्रम आहेत. क्रीडा संघटना ‘आम्ही खासगी’ म्हणून कागद दाखवणार नाहीत. पण पोलिसांची परवानगी, त्यातल्या अटी आणि अग्निशमन दलाचा दाखला हे सरकारी दस्तऐवज आहेत. माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर नाकारले तर ते कोणी आणि कोणत्या कलमाखाली नाकारले, तेही छापा. त्या कागदांतले गणित समजून घ्यायला मदत लागली तर आम्ही बसून करून देऊ, नाव छापण्याची गरज नाही.

आपले,
मैदान-सुरक्षा आणि गर्दी-नियोजनाचे काम करणारे काही जण